पडदा पिवळा पडला म्हणून संगणक बाद होत नाही

हिंगोली जिल्ह्यात पिवळ्या रंगाला भाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या बाजार समितीत हंगामात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि खरेदीदार कांडी मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय बोली वाढवत नाही. याच जिल्ह्यातल्या एखाद्या झेरॉक्स सेंटरवर सकाळी संगणक सुरू करावा आणि समोरचा पांढरा अर्ज हळदीच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसावा, की दुकानदाराच्या पोटात गोळा येतो. दाखल्यांसाठी माणसं ताटकळलेली असतात. मेकॅनिकला फोन जातो. तो फोनवरच निदान करून मोकळा होतो, "डिस्प्ले कार्ड गेलं असेल." दुसरा म्हणतो, मदरबोर्ड. तिसरा काहीच म्हणत नाही, विंडोजचा पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि फॉरमॅट मारतो. फॉरमॅट मारूनही पडदा पिवळाच राहतो, कारण दोष तारेच्या टोकाला एका पिनेत असतो आणि तिथं कुणी पाहिलेलंच नसतं.

जुन्या संगणकाचे रंग बिघडले की त्याला बाद ठरवायची ही घाई महागात पडते. दुकानदाराला पडते, शाळेला पडते, आणि खरेदी सरकारी असेल तर करदात्याला पडते. खरं तर संगणकाच्या सगळ्या दुखण्यांत रंगाचं दुखणं निदानाला सोपं. ते डोळ्यांना दिसतं, आणि कोणता रंग गेला यावरून बिघाड कुठं आहे याचा माग काढता येतो. तो माग काढण्याचे पहिले चार टप्पे फुकट आहेत. तरीही ते सोडून थेट पाचव्यावर, म्हणजे नवीन वस्तू विकण्यावर उडी मारली जाते, ही तक्रारीची जागा आहे.

आता कुणी विचारील, इतका जुना संगणक ठेवायचाच कशाला? तर त्याला कारणं आहेत, आणि ती हट्टाची नाहीत. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. कार्यालयांत संगणक शिरण्याचा काळ आणि जिल्ह्याच्या जन्माचा काळ जवळजवळ एकच. लग्नपत्रिका, जयंतीची पत्रकं, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीचे फ्लेक्स हे सगळं काम ज्या डीटीपीवाल्यांनी उभं केलं त्यांचा संसार पेजमेकर, कोरलड्रॉ आणि पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम यांवर चालला. पेजमेकरची शेवटची आवृत्ती आली २००१ साली. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वीस वर्षांची कामं नव्या युनिकोडच्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. वडिलांच्या लग्नाची पत्रिका ज्या मांडणीत छापली त्याच मांडणीत मुलाची हवी असं गिऱ्हाईक म्हणालं, तर ती फाइल जुन्याच संगणकात सापडते. म्हणून विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ रोजी काढून घेतला तरी तालुक्याच्या गावात एक्सपीची मशिनं कोपऱ्यात चालूच राहिली.

अशा मशिनला फॉरमॅट मारणं म्हणजे दुकानाचं कपाटच जाळणं. फॉन्ट जातात, फाइली जातात, डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर पुन्हा बसेलच याची खात्री नसते. आणि हे कशासाठी, तर पडदा पिवळा दिसतो म्हणून.

पिवळा का दिसतो, हे समजायला १९८७ सालापर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी आयबीएमनं पीएस/२ नावाच्या संगणकांबरोबर व्हीजीए ही पद्धत आणली. तिची निळ्या टोकाची पंधरा पिनांची केबल अजूनही बहुतेक जुन्या मॉनिटरच्या पाठीला लोंबकळताना दिसते. या केबलमधून लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग तीन वेगळ्या तारांनी जातात. प्रत्येक तारेवरचा दाब शून्य ते साधारण ०.७ व्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या निम्म्याहूनही कमी. जितका दाब जास्त तितका तो रंग उजळ. बस, एवढीच युक्ती. तिन्ही रंग पूर्ण पेटले की पांढरा, तिन्ही विझले की काळा.

यातली एक तार तुटली किंवा तिची पिन नीट टेकली नाही, तर तेवढाच रंग नाहीसा होतो आणि बाकीचे दोन राहतात. निळा गेला तर पांढऱ्याचा पिवळा होतो, आणि निळ्या अक्षरातल्या लिंक काळ्या दिसू लागतात. हिरवा गेला तर सगळा पडदा गुलाबी-जांभळा. लाल गेला तर पांढऱ्याच्या जागी आकाशी-हिरवट छटा येते, आणि ऑनलाइन अर्जात सक्तीच्या रकान्यापुढचं लाल फुलीचं चिन्ह काळं पडतं. या तीन छटांपैकी एक स्वच्छ, सगळीकडे सारखी दिसत असेल, तर संशयाची सुई आधी केबलकडे वळायला हवी. केबलची रुंद बाजू वर धरून पिनांकडे पाहिलं तर वरच्या ओळीतल्या डावीकडून पहिल्या तीन पिना अनुक्रमे लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या. त्यांतली एखादी वाकून आडवी पडलेली असते, आत दबलेली असते, किंवा तिच्यावर हिरवट गंज चढलेला असतो. वाकलेली पिन बारीक चिमट्यानं, संगणक बंद करून, सावकाश सरळ होते. तुटली असेल तर शे-दोनशे रुपयांची केबल.

इथं एक गंमत सांगायला हवी. पुष्कळ केबलींमध्ये मधल्या ओळीतली नववी पिन मुळातच नसते; कारखान्यातूनच ती तशी येते. ती मोकळी जागा पाहून "ही बघा पिन तुटली" असं सांगणारे आणि त्यावर नवीन केबल विकणारे काही कमी नाहीत. नवीन केबलमध्येही ती नसते, पण तेव्हा कोण मोजतो!

मराठवाड्याच्या हवेत पिना बिघडायला निमित्त लागत नाही. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, हळद पॉलिश होत असते तेव्हा गावभर बारीक धूळ उडते, आणि जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर ती धूळ ओल धरते. उंदरांचं वेगळंच, टेबलाखाली दिवसभर पायात येणारी केबल त्यांना रात्री मोकळी सापडते. त्यात दुकान झाडताना सीपीयूचा डबा पुढं ओढायचा आणि मॉनिटर मागं ढकलायचा ही रोजची रीत. केबलच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळून ठेवायचे असतात, हे निम्म्या दुकानांत कुणी पाळत नाही. स्क्रू नसलेली केबल दोन मिलिमीटर जरी बाहेर आली तरी एक रंग जायला तेवढं पुरतं.

केबल झाली की कार्ड आणि रॅम. इथं आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय म्हणजे खोडरबर. सोनेरी पट्ट्या खोडरबरनं घासायच्या, फुंकर मारायची, परत बसवायचं. हसण्यावारी नेण्यासारखा हा उपाय नाही. पट्ट्यांवर चढलेला थर निघतो आणि बंद पडलेलं मशिन खरंच सुरू होतं. फक्त फुंकर मारू नये, कारण तोंडातली ओल तिथंच बसते, आणि शाई खोडायचा खरखरीत रबर वापरू नये, तो सोन्याचा पातळ मुलामाच खरवडतो. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. कापसाच्या बोळ्यानं ते लावलं की काम होतं.

पण पाना हातात घ्यायच्या आधीच्या ज्या चार फुकट चाचण्या, त्यांवर थोडं थांबायला हवं. सगळा वाद तिथंच मिटतो.

पहिली चाचणी संगणक सुरू होताना. विंडोज यायच्या आधी कंपनीचं चिन्ह किंवा बायोसचा पडदा येतो. रंग तिथंच बिघडलेला दिसला, तर विंडोजचा यात काडीचा संबंध नाही आणि फॉरमॅटचं नावही काढायचं कारण नाही. दुसरी चाचणी मॉनिटरच्या स्वतःच्या बटणांची. मेन्यू दाबला की उजेड, कॉन्ट्रास्ट वगैरेची जी खिडकी उघडते ती मॉनिटर स्वतः काढतो, संगणक नाही. मागचं चित्र पिवळं आणि मेन्यूची खिडकी मात्र नीट रंगांची असेल तर मॉनिटर ठणठणीत आहे. दोष केबलीत किंवा तिच्या पलीकडे. मेन्यूही पिवळाच असेल तर दुखणं मॉनिटरचं, किंवा कुणीतरी त्याच मेन्यूत जाऊन रंगांचे आकडे फिरवून ठेवलेत. ‘रीसेट’ केलं की कळतं. तिसरी चाचणी, पडद्याचा स्क्रीनशॉट काढून तो मोबाइलवर पाठवायचा. मोबाइलवर रंग बरोबर दिसले तर संगणक चित्र बरोबर तयार करतोय, वाटेत किंवा पडद्यावर ते बिघडतंय. चौथी म्हणजे शेजारच्या दुकानातला मॉनिटर आणि केबल पाच मिनिटं उसनी आणून लावणं. चारही चाचण्यांना मिळून चहा संपेपर्यंतचा वेळ लागतो, आणि त्या करायला मेकॅनिक लागत नाही.

शेवटची युक्ती म्हणजे एकाशी दुसरं ताडून पाहणं; विज्ञानातही वरच्या पायरीवर हेच चालतं. याच जिल्ह्यात औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अमेरिकेत तिच्या दोन थोरल्या बहिणी आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरी तीन हजार किलोमीटरवर लिव्हिंगस्टनला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर सापडली ती दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी दिसली म्हणून खरी मानली गेली. एकटीनं दाखवली असती, तर ती लहर की बाहेरच्या रस्त्यावरच्या ट्रकची थरथर, यावर वाद घालत बसावं लागलं असतं. प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान हालचाल मोजणारी यंत्रं एकमेकींशी ताडून पाहिली जातात, आणि सेनगावच्या दुकानातला मेकॅनिक एका मॉनिटरकडे दुरून बघून निकाल देतो.

आता बायोसचा पडदा स्वच्छ आहे आणि विंडोज आल्यावरच रंग जातात, असं असेल तर दोष आतला. त्यातही फॉरमॅटची गरज क्वचितच पडते. एक्सपी नव्यानं टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर घातला नाही तर पडद्यावर फक्त सोळा रंग उरतात आणि फोटोत चेहऱ्यावर डाग-डाग दिसतात. सोळा बिटांवर ठेवलं तर ६५,५३६ रंग मिळतात, त्यात आकाशाचा फोटो पट्टे-पट्टे दिसतो. चोवीस बिटांवर नेलं की १ कोटी ६७ लाखांहून अधिक. ही सगळी सेटिंगमधली एका ओळीची बाब आहे. आपल्याकडे जी-३१ आणि जी-४१ चिपच्या मदरबोर्डांची मशिनं घरोघरी गेली. त्यांचे ड्रायव्हर एक्सपी ते विंडोज ७ च्या काळातले. त्यांच्यावर नवीन विंडोज चढवली की अनेकदा ‘बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’वर गाडी अडते, चित्र ताणलेलं दिसतं, आणि दुकानदाराला वाटतं पडदा बिघडला. पडदा बिघडलेला नसतो, मशिनला झेपणार नाही ती विंडोज कुणीतरी घातलेली असते.

सर्वांत मजेदार प्रकार काळ्या-पांढऱ्याचा. मायक्रोसॉफ्टनं २०१७ च्या उत्तरार्धात विंडोज १० मध्ये रंगांधळ्या आणि कमी दिसणाऱ्या लोकांसाठी कलर फिल्टर आणले आणि विंडोज, कंट्रोल व सी या तीन कळा एकदम दाबल्या की पडदा रंगहीन होईल अशी सोय केली. कॉपी करण्यासाठी कंट्रोल-सी दिवसातून शंभरदा दाबणाऱ्या माणसाचा अंगठा कधीतरी शेजारच्या कळेवर पडणारच. पडला, की सगळा पडदा जुन्या सिनेमासारखा. ज्यांना माहीत होतं त्यांनी त्याच तीन कळा पुन्हा दाबल्या. ज्यांना नव्हतं त्यांच्या मशिनवर मग काय काय प्रयोग झाले असतील ते न विचारलेलं बरं. नंतरच्या सुधारणांत ही कळ मुळात बंद ठेवण्यात आली, पण जिथं ती चालू करून ठेवली आहे तिथं ती आजही चालते. त्याच वर्षी ‘नाइट लाइट’ही आला, जो संध्याकाळ झाली की पडद्यातली निळी छटा आपोआप कमी करतो. रोज सातच्या सुमाराला पडदा तांबूस होतो आणि सकाळी ठीक असतो, अशी तक्रार असेल तर मॉनिटरची हमी तपासण्यापेक्षा हे बटण तपासावं.

फोटो स्टुडिओवाल्यांची एक वेगळी पीडा आहे. फोटो विंडोजच्या जुन्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडला की पांढरी पार्श्वभूमी पिवळसर, आणि तोच फोटो फोटोशॉपमध्ये किंवा ब्राउझरमध्ये नीट. इथं केबलही निर्दोष आणि पडदाही. मॉनिटरच्या ड्रायव्हरबरोबर आलेली रंगांची प्रोफाइल सदोष असते आणि काही प्रोग्राम ती मानतात, काही मानत नाहीत. ‘कलर मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिच्या जागी एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये ठरवलेली एसआरजीबी ही सर्वसाधारण प्रोफाइल घातली की पांढरा परत पांढरा होतो. आणि फ्लेक्सवर भगवा पडद्यावरच्याइतका पेटलेला येत नाही, हा तर बिघाडच नाही. पडदा उजेडाच्या तीन रंगांत बोलतो, छपाई शाईच्या चार रंगांत. काही भडक छटा शाईत उतरतच नाहीत. यावरून मॉनिटर बदलणाऱ्या गिऱ्हाइकाला ते समजावून सांगणं हे दुकानदाराचं काम आहे.

काही शाळांत आणि जुन्या दुकानांत अजूनही काचेचे जाडजूड सीआरटी मॉनिटर सापडतात. त्यांच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग पडला की ‘ट्यूब गेली’ असा निकाल ठरलेला. १९८२ च्या एशियाडनंतर ज्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला त्या पिढीतल्या अनेकांनी पडद्याला लोहचुंबक लावून पाहिलेलं असेल आणि नंतर वडिलांचा मारही खाल्लेला असेल. हा डाग त्याच जातीचा. ट्यूबच्या आत लाखो बारीक छिद्रांची लोखंडी जाळी असते. शेजारी ठेवलेल्या स्पीकरच्या चुंबकानं ती जाळी चुंबकित झाली की इलेक्ट्रॉनचा झोत वाट चुकतो आणि लाल ठिपक्यावर पडायचा तो हिरव्यावर पडतो. स्पीकर लांब ठेवायचा आणि मेन्यूतलं ‘डीगॉस’ दाबायचं. ठण्ण आवाज होऊन चित्र थरथरतं आणि डाग जातो. एकदा दाबून पूर्ण गेला नाही तर पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा दाबायचं, लागोपाठ दाबून उपयोग नाही, कारण आतला एक भाग थंड झाल्याशिवाय डीगॉस करणारं तारेचं वेटोळं पूर्ण जोरानं काम करत नाही. यूपीएस किंवा स्टॅबिलायझर मॉनिटरला चिकटून ठेवला असेल तर मात्र डीगॉस करून काही होणार नाही. त्याचा ट्रान्सफॉर्मर सेकंदाला पन्नास वेळा आपलं चुंबकीय क्षेत्र पालटतो, मॉनिटर साठ वेळा चित्र काढतो, आणि दोघांच्या ओढाताणीत कडा लाटेसारख्या हलत राहतात. यूपीएस दोन फूट लांब सरकवला की झालं.

या डब्याचं झाकण मात्र घरच्या माणसानं उघडू नये. आत वीस-पंचवीस हजार व्होल्टचा साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

सगळंच दुरुस्त होतं असंही नाही, आणि दुरुस्तीच्या कैवाऱ्यांनी हे लपवू नये. या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत बनलेल्या मदरबोर्डांतल्या आणि मॉनिटरांतल्या कपॅसिटरचा रसायनी द्रव सदोष निघाला. ते वरून फुगायचे, फुटायचे. डेलसारख्या कंपनीला त्यापायी २००५ मध्ये तीस कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. फुगलेले कपॅसिटर बदलून मशिन पुन्हा उभं राहतं, आणि नांदेडला ते करणारे कारागीर मिळतात. २००८ मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिपांचं बांधणीचं साहित्य कमकुवत असल्याचं मान्य करून पंधरा ते वीस कोटी डॉलर बाजूला काढले. अशा चिपला हीट गन मारून लॅपटॉप ‘ठीक’ करून देतात, तो महिना-दोन महिने चालतो आणि परत रंगीत चौकटी दाखवू लागतो. हे काम करून पूर्ण पैसे घेणं म्हणजे फसवणूक. एलसीडीच्या आतली नळी म्हातारी होऊन पडदा तांबूस-गुलाबी होऊ लागला, किंवा पडद्यावर आरपार उभी रेघ आली, तर त्यात पैसे घालण्यात अर्थ नसतो. लॅपटॉपचं झाकण पुढं-मागं केल्यावर रंग बदलत असतील तर मात्र बिजागरीतून जाणारी केबल बदलून पाहावी. पडदा चांगला असतो.

या सगळ्या तपशिलाचं जिल्ह्याच्या कारभाराशी नातं आहे. राज्यात सरकारी आणि अनुदानित शाळांत केंद्राच्या आयसीटी योजनेतून संगणक कक्ष आले ते ‘बूट’ (उभारा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा) तत्त्वावर, पाच वर्षांच्या करारानं. करार होता तोवर कंपनीचा निदेशक असायचा, दुरुस्ती व्हायची. करार संपला की मशिनं शाळेच्या नावावर आणि निदेशक घरी. नंतर एखाद्या मॉनिटरचा रंग जातो, गुरुजींना त्यातलं कळायचं कारण नाही, आणि मशिनवर चादर पडते. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ते ‘नादुरुस्त’ म्हणून चढतं आणि एक दिवस निर्लेखनाच्या यादीत जातं. कुणी एकानंही त्याची केबल बदलून पाहिलेली असेल, अशी कागदावर नोंद कुठं मागितलीच जात नाही. शेकडो रुपयांच्या दोषापायी हजारोंचं मशिन भंगारात जायला एवढं पुरतं. आणि भंगार म्हणजे कुणाचं तरी अंगण. सीआरटीच्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या नळ्यांत पारा. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पण तांबं काढण्यासाठी वायरी जाळणाऱ्याच्या धुराला नियम माहीत नसतात.

त्यात आता नवी भर पडली आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साधारण आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल प्रोसेसर स्वीकारत नाही. म्हणजे काल-परवापर्यंत धडधाकट असलेली मशिनं कागदोपत्री म्हातारी झाली. यांतल्या पुष्कळांवर लिनक्स टाकून मराठी टाइपिंग, इंटरनेट आणि मुलांचा सराव सुखानं चालू शकतो. पण ‘तसंही जुनंच आहे’ या एका वाक्यावर रंग गेलेलं प्रत्येक मशिन आता आणखी लवकर बाद होणार.

दिल्लीत दुरुस्तीच्या हक्काची चर्चा सुरू आहे. ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली, शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं ठरवली, आणि डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू केलं. चांगलं आहे. पण हिंगोलीच्या दुकानात तो हक्क बिलाच्या कागदावर उतरायला हवा. आज बिलावर काय असतं? ‘पीसी रिपेअर’ आणि खाली आकडा. दोष काय होता, तो कोणत्या चाचणीनं सापडला, कोणता भाग बदलला आणि जुना भाग परत दिला का, हे चार शब्दांत लिहायला मेकॅनिकला जड जाऊ नये. ट्रॅक्टरचा मिस्त्री जुनं बेअरिंग हातात ठेवतो. संगणकवाल्यानं जुनं कार्ड का ठेवू नये? जो लिहून देत नाही त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, एवढी शिक्षा गिऱ्हाईक देऊ शकतं.

मेकॅनिकांनाही एकतर्फी दोष देणं बरोबर नाही. त्यांतले बहुतेक कुणाच्या तरी दुकानात बसून, पाहून पाहून शिकलेले. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत ‘कॉम्प्युटर हार्डवेअर अँड नेटवर्क मेंटेनन्स’ असा ट्रेड आहे. त्यातल्या मुलांना शाळांचे बंद पडलेले संगणक सरावाला दिले तर शाळेची मशिनं उभी राहतील आणि मुलांच्या हाताला खऱ्या बिघाडाची सवय होईल. आता ती चालू मशिन खोलून परत जोडायला शिकतात, आणि बिघडलेलं मशिन त्यांना पहिल्यांदा भेटतं ते गिऱ्हाइकाच्या समोर.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागानं दोन साध्या गोष्टी कराव्यात. प्रत्येक केंद्रशाळेत दोन चांगल्या व्हीजीए केबल, एक चालू मॉनिटर आणि एक कीबोर्ड एवढा संच केंद्रप्रमुखांच्या ताब्यात ठेवावा, आणि हा संच लावून पाहिल्याची सही असल्याशिवाय कोणताही संगणक निर्लेखनाला घेऊ नये. खर्च जवळपास काहीच नाही, कारण तो मॉनिटर आधीच्याच यादीतून सापडेल. आदेश उन्हाळ्याच्या सुट्टीत निघावा. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, आणि दमट हवेनं पिना गंजायला सुरुवातही त्याच आठवड्यांत होते.